मेंद्याचं मलम

करडी, ता. मोहाडी
६ सप्टेंबर १९८१

चि. चंद्रकांता हिस बाबांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोळा आटोपल्यावर मिळालं. घरी सर्व ठीक. रोवणी वेळेवर झाली, तलावाला पाणी आहे, बांध्यांत धान चांगलं उभं आहे. तुझ्या आईची प्रकृती उत्तम. पोळ्याला आपली जोडी या वर्षी शेजारच्या घनश्यामनं तोरणाखाली नेली. मी घरीच होतो, काम होतं.

तू नागपूरच्या प्रयोगशाळेतून कळवलेली बातमी मी तुझ्या आईला मोठ्यानं वाचून दाखवली. गळवातला जंतू बशीतल्या जेलीवर सायीसारखा सगळीकडे पसरला आणि माझ्या मलमातल्या आम्लाची चकती ठेवली तिथे भोवताली स्वच्छ कडं राहिलं, एकही ठिपका उगवला नाही! आईनं विचारलं, "मंग जंतू गेला कुठं?" मी म्हटलं, मेला. ती म्हणाली, "बिचारा." तिला विज्ञानाचं असंच आहे.

तुझ्या सरांना मात्र एक गोष्ट नीट समजावून सांग. त्यांच्या कपाटातलं लॉरिक आम्ल नारळाच्या तेलातून काढलेलं आणि कारखान्यातून आलेलं असतं. माझं करडीच्या जंगलातल्या मेंद्याच्या झाडांच्या बियांचं आहे. आपल्याकडचे लोक मेंद्याची साल मोडल्या हाडावर बांधतात आणि बी पाखरांना सोडतात, कारण त्या काळ्या बीमध्ये काय आहे हे कुणी पाहिलंच नाही. मी पाहिलं. घाण्यातून काढलेल्या तेलाचा साबण करायचा, तो आम्लानं फोडायचा, वर तरंगेल ते गरम स्पिरिटमध्ये विरघळवून थंड होऊ द्यायचं. सुयांसारखे पांढरे स्फटिक धरतात. चव्वेचाळीस अंशांवर वितळले तर ते माझे. त्याच्या खाली वितळले तर कुणीतरी धुण्यात आळस केला आहे असं समजावं. सातवी पास माणसाला हे कुणी शिकवलं, असं सरांनी विचारलं तर सांग, कुणी नाही.

आता एक काम. घनश्याम नागपूरला येतो आहे, त्याच्या हाती उकळून घेतलेल्या काचनळीत कापसाचा बोळा पाठवला आहे. तो चिखल्याच्या एका रोग्याचा आहे. नाव गोमाजी. खाणीत ठेकेदाराकडे असतो, कायम कामगार नसल्यामुळे कंपनीच्या दवाखान्याचं कार्ड नाही. डाव्या पायावर उकळतं पाणी पडलं. माझं मलम लावणं चालू आहे. कडा आधी लाल होत्या, आता करड्या पडल्या आहेत. पू हिरवट, पट्टीवर निळसर हिरवा डाग पडतो, आणि वास सडका नाही, गोडूस आहे, शिळ्या मोहफुलांसारखा. मोहाडीच्या डॉक्टरांकडे जायला तो तयार नाही. त्याची कारणं त्याच्यापाशी. तू कारणं विचारू नकोस, जंतू कोणता ते पाहा आणि त्यावर माझ्या आम्लाची चकती ठेव.

त्याची बायको भारी फटकळ आहे. परवा त्याला तोंडावर म्हणाली, "तुमचा इतला गर्व चुलीत घातला तं हंडाभर पाणी तापल जी!" गरिबाच्या घरी अशी बायको म्हणजे रोगावर रोग.

जेवण वेळेवर करत जा.

तुझे बाबा,
पुंडलिकराव

*

करडी
२० सप्टेंबर १९८१

चि. चंद्रकांता, अनेक आशीर्वाद.

घनश्याम परत आला, त्याच्यासोबत तुझी चिठ्ठी मिळाली. आम्ही खुशाल आहोत. पाऊस मधून मधून येतो.

तुझा निष्कर्ष वाचला. गोमाजीच्या कापसात गळवाचा जंतू नाही, दुसराच आहे, हिरवा रंग सोडणारा, आणि माझ्या चकतीभोवती कडं पडलं नाही. जंतू थेट चकतीला टेकून वाढला, असं तू लिहितेस. चकतीवर चढलासुद्धा, असं लिहायची गरज नव्हती.

या निष्कर्षावर माझा आक्षेप आहे, आणि तो तू सरांपुढे माझ्या नावानं ठेवावास. लॉरिक आम्ल पाण्यात विरघळत नाही. जेली म्हणजे बहुतेक पाणीच. मग चकतीतून बाहेर निघून ते जेलीत पसरेल कसं? एकाच जागी बसून राहील. तेव्हा बशीची चाचणी इथे मुळात लागू पडत नाही. बारीक जंतूला मारण्याआधी त्याच्यापर्यंत पोचावं तर लागतं! काचनळीत जंतू वाढवायचा पातळ रस घ्या, त्यात आम्ल थोड्या स्पिरिटमधून घोळवून टाका, मग जंतू सोडा, आणि नळी गढूळ होते की निवळ राहते ते पाहा. सरांच्या हे लक्षात यायला हवं होतं.

गळवाच्या जंतूच्या बशीत चकतीभोवती कडं कसं पडलं, असा प्रश्न तू विचारशीलच. तो कमजोर असेल. थोडंसं आम्लही त्याला पुरलं असेल.

तू ज्या दोन कातड्यांबद्दल लिहिलंस ते मला समजलं. गळवाच्या जंतूचं अंगावरचं कवच आम्लाला अडवत नाही, आम्ल आतल्या नाजूक पडद्यात घुसून त्याला भोकं पाडतं. हिरव्याच्या अंगावर बाहेरून आणखी एक पडदा असतो आणि आम्ल तिथेच अडतं. असेल. पण पुस्तकात लिहिलं म्हणून ते करडीत खरं ठरलं असं मी मानत नाही. इथल्या जंतूनं ते पुस्तक वाचलेलं नाही.

गोमाजीचं म्हणशील तर बरा आहे. दिवसभर घरातच असतो. दार लोटलेलं, पायावर घोंगडं, जवळ उदाची वाटी, म्हणजे वास जाणवू नये. गिऱ्हाईक आलं की बसल्या जागेवरून हात लांब करून डबी देतो, उठत नाही. लोकांना वाटतं, माणूस मोठा झाला, आता उठतसुद्धा नाही. त्यांना वाटतं ते वाटू द्यावं, हे त्यातल्या त्यात बरं. अंगात कसकस असते. चांगले पाय असलेला माणूस एका खोलीत बसून राहिला तर त्याला खोलीच्या भिंती दिसत नाहीत, पण याला आता प्रत्येक पोपडा ओळखीचा झाला आहे.

तू विचारतेस की गोमाजीची बायको आईसारखी कशी बोलते. बायका सगळीकडे सारख्याच बोलतात.

नळीची चाचणी लवकर कर. फार लवकर कर.

तुझे बाबा,
पुंडलिकराव

*

करडी
४ ऑक्टोबर १९८१

चि. चंद्रकांता हिस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. तू काही आढेवेढे न घेता लिहिलंस ते बरं केलंस. नळी गढूळ झाली. आम्ल नसलेल्या नळीपेक्षा आम्ल घातलेली अधिक गढूळ झाली, म्हणजे हिरवा जंतू माझ्या आम्लानं मरत नाही इतकंच नाही, तो ते खातो. मी सांगितलेल्याच रीतीनं तू चाचणी केलीस, त्यामुळे आक्षेपाला जागा नाही. प्रयोग उत्तम केलास. सरांपेक्षा तुझा हात नेटका आहे.

आणि तुझ्या पत्राच्या तळाशी ते एक वाक्य: "बाबा, खाणीतल्या मजुराकडे गिऱ्हाईक कसलं? आणि हंडाभर पाणी तापवणारी बायको साऱ्या भंडारा जिल्ह्यात एकच आहे."

पाय माझा आहे.

पोळ्याच्या आधी मोठी कढई उतरवताना चुलीचा एक दगड सरकला. साबणाच्या कॉस्टिक सोड्याचं पाणी उकळत होतं, ते डाव्या पायावर आलं. घनश्याम घरी होता म्हणून त्याला माहीत आहे. मी त्याला कोणाजवळ बोलू नकोस असा दम दिला आहे, तुझ्याजवळसुद्धा. आधी वाटलं, आपलंच मलम आपल्याच पायावर, यासारखा पुरावा नाही. रोज सकाळी पट्टी बदलून मी निरीक्षण करत आलो. आता करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं आहे. टोचलं तर कळत नाही. हे तुझ्या आईला सांगितलेलं नाही, पण ती पाणी तापवते आणि तिला नाक आहे.

ती रोज तेच म्हणते. "मोहाडीले चला. सडून राहिला पाय, अन् तुमी दार लावून कायले बसता?" मी म्हणतो, बघू. ती म्हणते, "बघून बघून काय दिसून राहिलं तुमाले?"

मोहाडीला का जाता येत नाही ते तुला माहीत नाही, कारण गेल्या मंडईच्या जत्रेच्या वेळी तुझं प्रॅक्टिकल होतं. दिवाळीनंतरच्या मंडईत आपल्या गावची दंडार उभी राहते, रात्रभर गाणी आणि सोंगं होतात, हे तुला सांगायला नको. मागच्या खेपेचं सोंग मी लिहून दिलं होतं. त्यात एक डॉक्टर असतो. हातात बैलाला टोचतात तेवढी सुई. रोगी पुढे पळतो, डॉक्टर मागे. मग डॉक्टरच्याच बुडावर गळू येतं, त्याला बसता येत नाही, आणि शेवटी तो अंगणात येऊन हात जोडतो, "पुंडलिकराव, मले मलम पायजे जी!" लोक हसून हसून लोळले. पंधरा गावांची माणसं होती. मोहाडीचे डॉ. टेकचंद बिसेन पाहुणे म्हणून पुढच्याच खुर्चीवर बसले होते. तेही हसले. मी बाजूला उभा राहून त्यांच्याकडेच पाहत होतो. थोडं हसले आणि मग चष्मा पुसत बसले. सोंग संपायच्या आत उठून गेले.

तेव्हापासून तुलाराम सोंगाड्या मला बाजारात दिसला की डॉक्टरची चाल चालून दाखवतो. आता तोच तुलाराम माझा पाय पाहील. मंडई तोंडावर आली आहे. दंडारीला या वर्षी सोंग लिहून द्यायला मी नाही म्हटलं आहे, तेव्हा ते आपलं आपण शोधतील, आणि यापेक्षा चांगलं त्यांना कुठे मिळणार?

नागपूरला ये, असं तू म्हणतेस. इथून जायचं तर मोहाडीच्या स्टँडवर गाडी बदलावी लागते आणि दवाखाना स्टँडच्या समोर. शिवाय गाडीत बसणारा प्रत्येक माणूस कधी ना कधी माझी डबी घेऊन गेलेला. डबीवर माझ्याच शब्दांत छापलं आहे: भाजलेल्या, पिकलेल्या व चिघळलेल्या सर्व जखमांवर. 'सर्व' हा शब्द मी आग्रहानं घातला होता. छापखानेवाला म्हणत होता, जागा कमी पडते.

तेव्हा एक कर. तू ज्या औषधाचं नाव लिहिलंस, ज्यानं हिरव्याच्या बशीत कडं पडलं, त्याच्या कुप्या नागपुरात घे आणि सुईसकट घनश्यामच्या हाती पाठव. सुई कशी द्यायची हे मी पुस्तकात पाहीन. मात्र डॉ. टेकचंद यांना एक अक्षरही लिहू नकोस. ही माझी आज्ञा समज. इतकी वर्षं मी तुला कोणतीही आज्ञा दिलेली नाही.

तुझे बाबा,
पुंडलिकराव

*

करडी
१४ ऑक्टोबर १९८१

चि. चंद्रकांता,

दसरा झाला. तुझ्या आईनं सोनं वाटायला आलेल्यांना दारातूनच परत लावलं, ताप आहे म्हणून सांगितलं. ते खरंही होतं.

तू आज्ञा मोडलीस. कुप्या आल्या नाहीत, डॉक्टर आले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी मोटरसायकलचा आवाज अंगणात येऊन थांबला. मी घोंगडं ओढून घेतलं. अंगणात माणसं होती. सहकारी सोसायटीची बैठक मोडून निम्मा गाव शेताच्या धुऱ्यावरून घराकडे येत होता, त्यातले बरेच थांबले. तुलाराम होता. डॉ. टेकचंद यांनी गाडी लावली, दारासमोर उभे राहिले, टोपी काढली, हात जोडले आणि चांगलं मोठ्यानं म्हणाले,

"पुंडलिकराव, मले मलम पायजे जी!"

सोंगातलं वाक्य. शब्दाला शब्द. त्यावर जो हशा उठला तो तलावापलीकडे गेला असेल. तुलाराम तर खाली बसून कपाळ बडवू लागला. "घ्या! खरंच आले गा! डाक्टरबी आले मलमाले!" डॉक्टर हसत हसत आत आले आणि दार त्यांनी स्वतः लावून घेतलं.

आत आल्यावर ते हसत नव्हते. वास घेतला, म्हणाले, "पोरीनं लिहिलं तसाच हाये." पट्टी मीच सोडली. त्यांनी पाय बराच वेळ हातात धरला. सोंगाबद्दल एक शब्द नाही. मलमाला नावं ठेवली नाहीत. उलट म्हणाले, गळवावर चालते तुमचं मलम, मी पाहिलं हाये, माझे दोन रोगी तुमच्याकडून बरे होऊन गेले. मग म्हणाले, दोन बोटं तर गेलीच, जितका उशीर कराल तितका चाकू वर सरकल. नागपूरला मोठ्या दवाखान्यात माझी चिठ्ठी घेऊन जा, लोकांना सांगा पोरीला भेटाले चाललो. त्यांनी एक सुई टोचली. जाताना डबी मागून घेतली आणि अंगणातून जाताना सगळ्यांना दिसेल अशी हातात धरून नेली.

तुझी आई दाराशी रडत होती. मी मात्र त्या दिवशी अंगाखालची चटई मुठीत धरून बसलो होतो. माणसानं शिवी दिली तर परत देता येते. याला काय द्यायचं? त्यानं माझ्यासाठी सगळ्या गावासमोर माझंच सोंग वठवलं, मला बाहेर पडायला वाट करून दिली, आणि त्या वाटेनं जायचं तर मला जन्मभर खोटं बोलणं भाग होतं. पोरीला भेटायला जातो म्हणायचं. परत येईन तेव्हा बैलाचा पाय पडला म्हणायचं. मी मनात तेही ठरवलं. कोणत्या बैलाचा हेही ठरवलं होतं.

मग आज सकाळी चिखल्याची एक बाई आली. पार्वताबाई, नवरा खाणीत उतरतो. सकाळच्या पहिल्या गाडीनं निघाली असावी, अंगणात आधीच इतर चार लोक बसले होते. आधी एवढी गर्दी नसायची; डॉक्टर डबी घेऊन गेल्याची बातमी खाणीपर्यंत पोचली होती. तिच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत लुगड्याचं फडकं गुंडाळलेलं.

"पेज सांडली जी हातावर. खाणीच्या दवाखान्यात मलमपट्टी करून राहिली होती मी," ती म्हणाली, "पण लोकं म्हणते, डाक्टर साहेबबी तुमचंच मलम नेतेत. मंग म्हटलं, तिथं कायले जाऊ?"

"बंद केली पट्टी?"

"केली. दोन मोठ्या डब्या द्या."

मी फडकं सोडायला सांगितलं. सोडायच्या आधीच वास आला. चंद्रकांता, त्या वासाशी माझी इतकी ओळख झाली आहे की अंधारातही मी त्याला हाक मारली असती. फडक्यावर तोच निळसर हिरवा डाग होता.

डब्या माझ्या उजव्या हाताशी रचलेल्या होत्या. मी तिला म्हटलं, "हे मलम लावू नको. खाणीच्या दवाखान्यात परत जा."

"काहून जी? मी तुमच्या भरवशावर आली."

"यावर ते चालत नाही."

ती डबीकडे पाहू लागली. तिला वाचता येत नव्हतं, पण मागे बसलेल्या केशवरावांना येतं. सोसायटीचे सचिव. ते म्हणाले, "पुंडलिकराव, डबीवर तं सर्व जखमा लिहिलं हाये. या बाईलेच काहून नाही? खाणीची म्हणून?" आणि तीही म्हणाली, "पैसे आणले हायेत जी मी. फुकट नाही मांगत."

तेव्हा मी घोंगडं काढलं.

पट्टी सोडली. पाय पुढे लांब केला आणि म्हटलं, हे पाहा. हे माझ्या मलमानं झालं. मीच लावलं, मीच दिवस मोजत बसलो, आणि यातला जंतू माझं मलम खातो. कसा खातो ते नागपूरच्या प्रयोगशाळेत माझ्या मुलीनं सिद्ध केलं आहे. लाल गळवाला हे चालेल, हिरव्या पुवाला नाही. डॉक्टर त्या दिवशी मलम न्यायला आले नव्हते. माझा पाय पाहायला आले होते, आणि मी लाजू नये म्हणून ते तसं बोलले.

केशवरावांनी धोतराचं टोक नाकाला लावलं आणि मग लाजून काढलं. तुलाराम आला होता, तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला, चाल विसरलेल्या माणसासारखा. पार्वताबाई तेवढी पुढे सरकली, माझा पाय आणि आपला हात तिनं शेजारी शेजारी धरून पाहिले. म्हणाली, "मायबाप्पा, सारखंच हाये!" आणि फडकं गुंडाळत उठली. दुपारच्या गाडीनं ती परत जाते म्हणाली. घनश्यामला सोबत दिलं आहे, तिला दवाखान्याच्या दारापर्यंत सोडून यायला, कारण गावचे लोक तिला वाटेत आणखी काहीतरी लावायला सांगतील.

अंगण रिकामं झालं. कुणी डबी मागितली नाही. गळवावर चालते हेही आता कुणी ऐकणार नाही, आणि ते खरं आहे. तुझी आई आत आली, पट्टी बांधायला बसली. मला वाटलं काहीतरी फटकळ बोलेल. ती म्हणाली, "दुखते का?" मी म्हटलं, नाही. दुखायला हवं होतं.

उद्या पहिल्या गाडीनं निघतो. आई सोबत येते. ती नागपूरला पहिल्यांदाच येते आहे, तेव्हा स्टँडवर तिचा हात धर, माझा नको. मोहाडीला गाडी बदलताना डॉ. टेकचंद यांच्याकडे चिठ्ठी घ्यायला थांबेन, समोरच्या दारानं. किती कापतात ते तिथले ठरवतील. माझं काही म्हणणं नाही. फक्त कापण्याआधी मला सांगावं आणि नीट सांगावं, एवढं तू त्यांना सांग. भुलीत असताना माझ्यामागे काही ठरवलेलं मला चालणार नाही.

आणखी एक मागणं. तुझ्या प्रयोगशाळेत माझ्या पायातला हिरवा अजून बशीत जिवंत असेल तर टाकून देऊ नकोस. पुस्तकात मी त्याचं चित्र पाहिलं आहे, पण ते कुणा परक्याच्या जंतूचं. जमलं तर भिंगाखाली धरून मला दाखव. पोळ्यापासून एका खोलीत मी त्याच्यासोबत राहिलो, रोज सकाळी माझ्या हातानं त्याला जेवू घातलं. जाण्याआधी त्याचं तोंड तरी पाहू दे.

तुझा, अजून दोन्ही पायांवर असलेला,
बाबा